बी.ए.चा फॉर्म भरताना

बारावीचा निकाल लागला की घराघरांत शाखेवरून चर्चा सुरू होते. अब्बांचे एक मत असते, मामूंचे दुसरे असते, गल्लीतल्या इंजिनिअर झालेल्या मुलालाही विचारले जाते. महिनाभर हा वाद चालतो. पण एकदा ‘आर्ट्स’ ठरले की पुढचे रकाने कोणीच गांभीर्याने घेत नाही. मायनर कोणता, ओपन इलेक्टिव्ह कोणता, कौशल्याचा विषय कोणता, हे सायबर कॅफेत फॉर्म भरून देणारा मुलगा विचारतो आणि आपण म्हणतो, “सगळे जे घेतात ते टाक.” किंवा मैत्रिणीने घेतले तेच घेतो. किंवा ज्या विषयाचा तास सकाळी लवकर संपतो, तो घेतो.

या अंकात मला त्याच रकान्यांविषयी लिहायचे आहे. आपल्या वाचकांपैकी बरेच जण बी.ए. करत आहेत किंवा करणार आहेत. “आर्ट्स करून काय मिळणार?” हा प्रश्न त्यांनी नातेवाइकांकडून शंभर वेळा ऐकलेला असतो. माझे उत्तर सरळ आहे. मुख्य विषय तुमच्या आवडीने घ्या, तो बदलू नका. पण त्याच्या जोडीला घ्यायचे विषय नोकरीकडे डोळे उघडे ठेवून निवडा. मुख्य विषयाइतकाच विचार या विषयांवर केला, तर तीच पदवी बाजारात वेगळ्या वजनाची ठरते.

आधी हिशेब समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची असते. वर्गात बसून शिकण्याचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. राज्याच्या आराखड्यात मायनर विषयाला १८ ते २० आणि ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ क्रेडिट ठेवले गेले. त्यात व्यवसाय-कौशल्य आणि कौशल्यवर्धनाचे विषय मिळवले की बेरीज चाळीसच्या पुढे जाते. विद्यापीठागणिक आकडे थोडे मागेपुढे होतात, पण ढोबळमानाने पदवीचा एक तृतीयांश भाग असा आहे, जिथे काही ना काही निवड विद्यार्थ्याच्या हाती असते.

यातला ओपन इलेक्टिव्ह तर आपल्यासाठीच उघडलेले दार समजा. तो विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थिनीला कॉमर्सचा, सायन्सचा किंवा आंतरविद्याशाखेतला विषय अधिकृतपणे शिकता येतो. पूर्वी आर्ट्सच्या मुलाला हिशेब किंवा संगणक शिकायचा असेल, तर संध्याकाळी क्लासची फी भरावी लागे. आता त्यातले बरेच काही पदवीतच, त्याच फीमध्ये शिकता येते. हे दार आपण आळसाने बंद ठेवतो, याचे मला वाईट वाटते.

आपल्या समाजात ही बेफिकिरी जास्त महाग पडते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात २००१ च्या जनगणनेचा आधार देऊन म्हटले होते, की देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के होते आणि मुस्लिमांत हेच प्रमाण ४ टक्क्यांपेक्षा कमी होते. त्यानंतर मुले-मुली कॉलेजात येऊ लागली, हे खरे आहे. पण आज कॉलेजात आलेल्या कित्येकांच्या घरी त्यांच्याआधी कोणी पदवीधर नव्हते. ज्या घरात काका प्राध्यापक आणि बहीण बँकेत आहे, तिथे जेवताना सहज सांगितले जाते, “हा विषय घे, तो नको.” आपल्या घरात अम्मी दुआ देतात, अब्बा फी भरतात, पण विषयाबद्दल सांगणारे कोणी नसते. मग ती जागा सायबर कॅफेवाला घेतो.

दुसरी अडचण पैशाची. अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. एम.ए., मग पीएच.डी., मग प्राध्यापकी, असा लांबचा रस्ता धरणाऱ्यांचा एक आधार गेला. त्यामुळे पदवी हातात पडल्यावर काही महिन्यांत कमाई सुरू करता येईल अशी तयारी त्या तीन वर्षांतच झालेली बरी. पुढे शिकायचे असेल तर ती कमाईच उपयोगी पडेल.

मग विषय निवडायचा कसा? मी तरुणांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला, हा विषय संपल्यावर माझ्याकडे दाखवण्यासारखे काय असेल? दुसरा, तो माझ्या मुख्य विषयात कशाची भर घालतो? तिसरा, मला ज्या परीक्षेला किंवा नोकरीला जायचे आहे, तिच्या पात्रतेत हा विषय मोजला जातो का? तीनपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर तो विषय केवळ मार्क सोपे मिळतात म्हणून घेऊ नका. सोपे मार्क सगळ्यांनाच मिळतात, म्हणून त्यांची किंमत कमी असते.

आता प्रत्यक्ष विषयांकडे येतो. सर्वात आधी आकडे. आर्ट्सला आलेल्या अनेकांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. पण पदवीधरांसाठीच्या बहुतेक परीक्षा गणिताला सोडत नाहीत. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत सीसॅटच्या पेपरला ३३ टक्के मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरातले इतिहास-राज्यशास्त्राचे मार्क कितीही असोत, निवडीसाठी धरलेच जात नाहीत. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला आणि कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, पण तिथे अंकगणित आणि तर्क यांचे वेगळे विभाग असतात. म्हणून एक ओपन इलेक्टिव्ह संख्याशास्त्राची ओळख, व्यवहारातले गणित किंवा हिशेबनीस काम यापैकी काही असावा. समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या मुलांना तर हे टाळताच येणार नाही, कारण त्यांच्या विषयातले पुढचे बरेचसे संशोधन आकडेवारीवर चालते. पहिल्या वर्षी बारा-पंधरा आठवडे सरासरी, टक्केवारी आणि तक्ते समजून घेतले, तर एम.ए.च्या वर्गात घाम फुटत नाही.

आकड्यांबरोबर एक साधन हातात हवे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करण्याचे तंत्र शिकावे. क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि पाणलोट, नगररचना, शेती, विमा अशा कितीतरी क्षेत्रांत नकाशाचे काम असते. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने सर्वेक्षण शिकावे. प्रश्नावली कशी बनवायची, कोबोटूलबॉक्ससारख्या मोफत साधनाने मोबाइलवर माहिती कशी भरायची, मग एक्सेलमध्ये ती कशी मांडायची, एवढे येणाऱ्या व्यक्तीची स्वयंसेवी संस्थांना नेहमी गरज असते. राज्यशास्त्राच्या मुलाने कायद्याची तोंडओळख किंवा सार्वजनिक प्रशासन घ्यावे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकावे. साहित्याच्या विद्यार्थ्याने युनिकोड टायपिंग, मुद्रितशोधन, पत्रकारिता यापैकी काही निवडावे. पत्रकारिता आणि ग्रंथालयशास्त्र हे विषय आपल्या राज्यात आंतरविद्याशाखेत मोडतात, म्हणून कॉलेज देत असेल तर आर्ट्सच्या विद्यार्थ्याला ते ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेता येऊ शकतात.

टायपिंगचा विषय निघालाच आहे तर एक अगदी साधी गोष्ट सांगतो. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. ही जागा पदवीधराला खुली असते. दरवेळी जाहिरात आली की टायपिंग क्लाससमोर रांग लागते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत हे प्रमाणपत्र काढून ठेवलेला मुलगा त्या रांगेत नसतो. यात मोठे तत्त्वज्ञान काही नाही, पण नोकऱ्या बऱ्याचदा अशाच छोट्या कागदांवर अडतात.

भाषेच्या बाबतीत आपल्याकडे एक ठेवा आहे आणि आपल्याला त्याची कदर नाही. आपल्यातले अनेक जण घरी दखनी किंवा उर्दू बोलतात, शाळेत मराठी शिकतात, हिंदी आपोआप येते. चार भाषांच्या मध्ये वाढलेला मुलगा मुलाखतीत मात्र “इंग्लिश वीक आहे” एवढेच सांगतो. इंग्रजी सुधारायला हवीच, त्यात सबब चालणार नाही. पण उर्दू लिहिता-वाचता येत असेल तर तीही रीतसर विषय म्हणून घ्या आणि मराठीशी जोडा. मराठवाड्याचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत आहेत, कित्येक मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे कागद वाचणारी माणसे शोधावी लागली. विचार करा, ज्या तरुणाला उर्दू, मराठी आणि मोडी तिन्ही येतात, असे आपल्या जिल्ह्यात किती असतील? राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडी लिपीचे प्रशिक्षण दिले जाते आणि काही कॉलेजांत ती कौशल्याचा विषय म्हणूनही शिकवली जाते. इतिहास मुख्य विषय, उर्दू किंवा मराठी मायनर आणि जोडीला मोडी, ही माझ्या मते आपल्या मुलामुलींसाठी फार मजबूत जोडी आहे. जमिनीचे वाद, वंशावळ, वक्फचे जुने दस्तऐवज, पुराभिलेखागारे, संशोधन संस्था या सगळ्या ठिकाणी असे काम निघते. न्यायालये आणि सरकारी कार्यालये अनुवादक घेतात, तिथेही दोन भाषा पक्क्या येणाऱ्याला संधी असते.

मायनर निवडताना तिसरा प्रश्न, म्हणजे पात्रतेचा, सर्वात महत्त्वाचा ठरतो. आपल्या समाजातल्या पुष्कळ मुलींना शिक्षिका व्हायचे असते. शाळेची नोकरी पदवीच्या नावावर मिळत नाही, पदवीला कोणते विषय होते हे पाहिले जाते. केंद्रीय विद्यालयात सामाजिक शास्त्राचा प्रशिक्षित पदवीधर शिक्षक व्हायचे असेल, तर इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला असावे लागतात आणि त्यांतला एक इतिहास किंवा भूगोल असायलाच हवा. आता राज्यशास्त्र मुख्य घेऊन मायनरला मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला ही अट बी.एड. झाल्यावर कळली तर? मानसशास्त्र वाईट विषय आहे असे मी म्हणत नाही. पण शिक्षिका व्हायचे मनात असेल, तर तिने मायनरला इतिहास किंवा भूगोल घेणे शहाणपणाचे. म्हणून ज्या नोकरीचे स्वप्न आहे, तिची जुनी जाहिरात पहिल्याच वर्षी शोधून पात्रतेचा परिच्छेद वाचा. तेवढी दहा मिनिटे तीन वर्षे वाचवतात.

तसेच मानसशास्त्र घेणाऱ्यांनी हेही समजून घ्यावे, की केवळ बी.ए.वर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. घरची परिस्थिती तेवढी वर्षे थांबू देणार असेल तर जरूर जा. नसेल तर जोडीला मनुष्यबळ व्यवस्थापनासारखा कॉमर्सकडचा विषय घ्या, म्हणजे पदवीनंतर लगेच काम शोधता येईल आणि पुढचे शिक्षण बंदही पडणार नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. आता यूपीएससीप्रमाणे तिथेही वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असतात आणि १७५० पैकी ५०० गुण त्या एका विषयाचे. म्हणजे इतिहास, भूगोल, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र नीट शिकलेल्या बी.ए.च्या मुलाची तीन वर्षांची मेहनत थेट उपयोगी पडते. पण लिहिता आले पाहिजे. गाइडमधून पाठ केलेली उत्तरे इथे चालत नाहीत. लेखनकौशल्याचा विषय कॉलेजात असेल, तर तो ‘हलका’ म्हणून सोडू नका. आणि दुसरीकडे, स्पर्धा परीक्षेत जागा थोड्या आणि उमेदवार लाखो असतात हे ध्यानात ठेवून हाताशी दुसरे कौशल्य ठेवा. पाच वर्षे अभ्यासिकेत काढून तिशीच्या उंबरठ्यावर रिकाम्या हाताने परत येणारे भाऊ आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही क्रेडिट आहेत. ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिपचा एक क्रेडिट ३० तासांचा असतो, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. हे तास ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या कागदावर संपवू नका. स्थानिक वृत्तपत्र, वकिलाचे कार्यालय, ग्रंथालय, नगरपालिका, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था, कुठेही जा, पण खरे काम करा आणि शेवटी केलेल्या कामाची एक फाइल तयार ठेवा. मुलाखतीत “मला आवड आहे” म्हणणारे अनेक असतात. “हा मी केलेला साठ घरांचा सर्व्हे” असे म्हणून कागद पुढे ठेवणारा एखादाच असतो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, “सर, आमच्या कॉलेजात पर्यायच दोन आहेत.” हे खरे आहे. तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात आणि यादीत छापलेले विषय वर्गात नसतात. ही सरकारची आणि संस्थाचालकांची जबाबदारी आहे आणि ती त्यांना आठवण करून द्यायला हवी. पंचवीस विद्यार्थ्यांनी सह्या करून प्राचार्यांना पत्र दिले, की अमुक विषय सुरू करा, तर त्याला नाही म्हणणे कॉलेजला सोपे जात नाही. नाव-गाव न बघता वर्गातल्या सगळ्यांनी मिळून हे पत्र द्यावे. ही मागणी कुठल्या एका समाजाची नाही. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. मात्र आपले कॉलेज ते क्रेडिट धरते का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या.

मुलींसाठी वेगळे दोन शब्द. दुसऱ्या वर्षात रिश्ता येतो आणि शिक्षण थांबते, हे आपल्या मोहल्ल्यात आजही घडते. तसे घडू नये म्हणून घरात बोललेच पाहिजे, आणि भावांनीही बहिणीच्या बाजूने बोलले पाहिजे. पण एक माहिती प्रत्येक मुलीजवळ असू द्या. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावावर जमा राहतात आणि त्यांची मुदत सात वर्षांपर्यंत असते. मध्ये थांबावे लागलेच, तर केलेला अभ्यास वाया गेला असे समजू नका, परत येण्याचा रस्ता आहे. आणि ज्यांना घराबाहेर लांब जाऊन नोकरी करण्याची परवानगी मिळणे अवघड वाटते, त्यांनी अनुवाद, मुद्रितशोधन, हिशेब यांसारखी घरातून सुरू करता येणारी कौशल्ये आधी घ्यावीत. पहिली कमाई हाती आली की घरातल्या चर्चेचा सूर बदलतो.

शेवटी एक प्रश्न, जो तरुण माझ्याजवळ हळू आवाजात विचारतात. “विषय कोणताही घेतला तरी नाव वाचून अर्ज बाजूला ठेवत असतील तर?” हा वहीम नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. हा अन्याय आहे, आणि तुम्ही चांगला ओपन इलेक्टिव्ह घेतल्याने तो मिटणार नाही. त्याच्याशी कायद्याने आणि संघटितपणे लढावे लागेल, ते काम आपण करतच राहू. पण त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत तुमची तीन वर्षे थांबणार नाहीत. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते. अनुवाद बरोबर आहे की चूक, नकाशा अचूक आहे की नाही, हे कागदावर दिसते. जिथे काम पाहिले जाते अशा जागा आपण जास्तीत जास्त शोधू या आणि तिथे कमी पडणार नाही एवढी तयारी ठेवू या.

आपल्या शाखांना माझी एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत आठवडाभर रोज संध्याकाळी दोन तास मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत बसा. बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी यावे, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विषयांची यादी आणि अभ्यासक्रम छापून आणावेत आणि नव्या मुलांचे फॉर्म शेजारी बसून भरून घ्यावेत. जो विषय आपण स्वतः शिकलो, त्यात प्रत्यक्ष काय शिकवतात, प्रात्यक्षिक होते की नुसते टिपण उतरवून देतात, हे खरे खरे सांगावे. कोणत्याही समाजाचे मूल आले तरी त्याचा फॉर्म भरून द्यावा. ज्यांच्या घरी सांगणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी आपणच थोरले भाऊ आणि आपा व्हायचे आहे.

आणि ज्यांचा फॉर्म भरून झाला आहे, त्यांनीही निराश होऊ नये. विषय बदलण्याची मुदत अनेक कॉलेजांत तास सुरू झाल्यावरही काही दिवस असते आणि पुढच्या सत्रात नवा ओपन इलेक्टिव्ह निवडायचा असतोच. उद्या कॉलेजात गेल्यावर ऑफिसच्या खिडकीपाशी एवढेच विचारा, “पुढच्या सत्राच्या विषयांची यादी कधी लागते?”